जुनी पेटी, नवे गिऱ्हाईक
पत्र्याच्या ट्रंका रंगवून घरसामान करण्याचा धंदा

पत्र्याची पेटी घेऊन आता कोणी प्रवासाला निघत नाही. चाकांच्या बॅगा आल्या, लोखंडी कपाटे घरोघर झाली आणि एके काळी लग्नाच्या सामानात सर्वांत आधी मोजली जाणारी ट्रंक माळ्यावर, खाटेखाली किंवा पडवीच्या कोपऱ्यात जाऊन पडली. कोकणातल्या आपल्या कित्येक घरांत बोटीवर खलाशी म्हणून गेलेल्या वडीलधाऱ्यांच्या पेट्या अजूनही आहेत. पुढे मुले आखाती देशांत जाऊ लागली, येताना त्यांनी सुटकेस आणल्या आणि त्या पेट्यांत गोधड्या, तांब्याची भांडी व जुने कागद भरून ठेवण्यात आले. घर बदलले की ही पेटी भंगारवाल्याकडे किलोच्या भावाने जाते. तीच पेटी खरवडून, रंगवून, खाली पाय बसवून दिवाणखान्यात ठेवली की तिचे बसायचे बाकडे होते, टीपॉय होतो, मुलांच्या खोलीतले खेळणी ठेवायचे कपाट होते आणि शहरातले गिऱ्हाईक तिला बरे दाम देते.

या कामाला मोठे भांडवल लागत नाही. आमच्या वाचकांत सुतार आहेत, पत्राकाम करणारे आहेत, मोटारींना रंग मारणारे आहेत, गादी-रेक्झिनचे काम करणारे आहेत. या प्रत्येकाच्या हातात या धंद्याचा एक तुकडा आधीच आहे. पण काम सोपे दिसते म्हणून कोणी घाईने हात घातला तर पहिल्याच पावसाळ्यात माल परत येतो. आमचा आला होता, म्हणून आधी तीच हकीकत सांगतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका घरातून एकदम सहा पेट्या उचलल्या. सगळ्या चांगल्या जाडीच्या, कडीकोयंडे शाबूत, गंज अगदी थोडा. धुतल्या, घासल्या, नेहमीचा तांबडा रेड ऑक्साइड लावला, वर निळ्या ऑइलपेंटचे दोन हात दिले. माल इतका देखणा झाला की फर्निचरच्या एका दुकानदाराने सहाच्या सहा पेट्या रोखीने घेतल्या. चार महिन्यांनी त्याचा निरोप आला, की येऊन जरा बघा. जाऊन पाहिले तर सहांपैकी चार पेट्यांचा रंग प्लॅस्टिकच्या कागदासारखा सुटत होता. नखाने कोपरा उचलला की वीतभर पापुद्रा निघे. आणि त्याखाली गंज नव्हता! स्वच्छ, राखाडी, कोरा पत्रा होता. दोन पेट्या मात्र जशाच्या तशा. आम्ही पैसे परत केले, पेट्या घरी आणल्या आणि डोके धरून बसलो. रंगाचा डबा तोच, ब्रश तोच, हात तोच. मग चार बिघडल्या कशा?

उत्तर एका वयस्क पेंटरकडून मिळाले. त्यांनी पेटीच्या तळाकडे बोट दाखवले आणि विचारले, "भाई, हा पत्रा काळा आहे की जस्ताचा?" आम्ही तोवर हा प्रश्न स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

पत्रा ओळखणे

ट्रंका मुख्यतः दोन प्रकारच्या पत्र्याच्या असतात. एक काळा पत्रा, म्हणजे साधे लोखंड. दुसरा जस्त चढवलेला पत्रा, ज्याला बाजारात जी.आय. म्हणतात. क्वचित ॲल्युमिनियमची पेटीही मिळते. ॲल्युमिनियम ओळखायला लोहचुंबक पुरतो, कारण तो त्याला चिकटत नाही. पण काळा आणि जस्ताचा पत्रा चुंबकाने वेगळा ओळखता येत नाही, कारण जस्ताच्या थराखालीही लोखंडच असते. त्यासाठी पेटी उलटी करावी आणि तळाच्या कोपऱ्यात, जिथे कोणाला दिसणार नाही अशा जागी, रुपयाएवढा रंग खरवडून पाहावा. खाली तांबूस गंज किंवा काळसर लोखंड दिसले तर तो काळा पत्रा. निळसर राखाडी चमक आणि त्यात बर्फाच्या फुलांसारखे ठसे दिसले तर तो जस्ताचा. जस्ताचा पत्रा खराब होतो तेव्हा त्यावर आधी पांढरी भुकटी येते, तांबडा गंज नंतर. हीही एक खूण आहे.

आता चार पेट्यांचा रंग का सुटला ते पाहू. नेहमीचा ऑइलपेंट आणि साधा रेड ऑक्साइड हे दोन्ही तेलाच्या जातीचे रंग आहेत. जस्तावर हवेतील ओलाव्याने जो क्षार तयार होतो, तो या रंगातल्या तेलाशी हळूहळू मिसळून एक प्रकारचा साबण बनवतो. होय, साबणच, आपण तेल आणि क्षार उकळून जो करतो त्याचाच भाऊबंद. रंग आणि पत्रा यांच्यामध्ये हा साबणाचा पातळ थर धरला की रंगाची पकड संपली. हे एका दिवसात होत नाही, काही महिने लागतात. म्हणून कारखान्यातून निघताना माल उत्तम असतो आणि गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन दगा देतो. पावसाळ्यात ओलावा वाढला की हे काम आणखी वेगाने होते.

यावर उपाय महाग नाही. जस्ताचा पत्रा साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन तेलकटपणा काढावा, बारीक पॉलिशपेपरने हलका हात मारावा, मग साधा पांढरा सिरका फडक्याने पुसून दहापंधरा मिनिटांनी स्वच्छ पाण्याने धुवावा व पूर्ण वाळवावा. सिरक्याने वरची चकाकी मरते आणि रंगाला धरायला जागा मिळते. त्यानंतर रंगाच्या दुकानात जी.आय.साठी म्हणून मिळणारा वेगळा प्रायमर, म्हणजे एच प्रायमर, लावावा. ॲल्युमिनियमलाही तोच चालतो. त्यावर नेहमीचा ऑइलपेंट खुशाल मारा. दुकानदार सवयीने तांबडा डबा पुढे करतो, तो घेऊ नये. प्रायमरच्या दोन डब्यांच्या किमतीतला फरक हा चार पेट्या परत घेण्याच्या मानाने काहीच नाही.

काळ्या पत्र्याचे गणित उलटे आहे. तिथे रेड ऑक्साइड ठीक चालतो, पण गंज राहता कामा नये. तारेच्या ब्रशने सुटा गंज झाडावा, मग ८० नंबरचा एमरी, मग १२० ते १८० नंबर. कोपऱ्यांच्या घड्यांत, जिथे पत्रा दुमडलेला असतो, तिथे गंज दडून बसतो. जुनी कानस किंवा स्क्रूड्रायव्हरचे टोक घालून तो उकरून काढावा. उघडे पडलेले लोखंड रात्रभर तसेच ठेवू नये. कोकणाच्या हवेत तर सकाळपर्यंत त्यावर तांबूस छटा येते. ज्या दिवशी घासले त्याच दिवशी प्रायमरचा हात, हा नियम आम्ही मोडत नाही. संध्याकाळी वेळ उरणार नसेल तर त्या दिवशी पेटी घासायला घेतच नाही.

गंजाने भोक पडले असेल तर लांबी भरून झाकण्याचा मोह होतो. लांबी ही खळगा भरायला आहे, भोक बुजवायला नव्हे. भोकावर आतून पत्र्याचा तुकडा रिबिट मारून बसवावा किंवा झाळून घ्यावा आणि वरून लांबीने कडा सारख्या कराव्यात. तळच सगळा चाळणी झालेला असेल तर त्या पेटीचा सौदाच करू नये. तळ बदलण्याची मजुरी पेटीच्या किमतीवर जाते.

जुना रंग आणि लहान मुले

हा भाग वाचकांनी टाळू नये. आपल्या देशात घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये असा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू झाला. म्हणजे त्याआधीच्या रंगांवर असे बंधन नव्हते. जुन्या ट्रंकेवरच्या पिवळ्या, तांबड्या, हिरव्या रंगांत शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे. शिशाची धूळ श्वासातून किंवा हाताला लागून तोंडातून पोटात जाते. मोठ्या माणसालाही ती वाईटच, पण लहान मुलाच्या मेंदूवर तिचा जो परिणाम होतो तो पुन्हा भरून येत नाही.

आपल्याकडे कारखाना आणि घर बहुधा एकच असते. अंगणात बाप पेटी घासतो, शेजारी मूल रांगते, आतून चूल दिसते. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये. वॉटरप्रूफ पेपर पाण्यात भिजवून ओला घासावा, म्हणजे धूळ उडत नाही, चिखल होतो. खाली प्लॅस्टिक अंथरावे, चिखल त्यातच गोळा करून बांधून टाकावा. मोरीत किंवा परसातल्या भाजीच्या वाफ्यात ओतू नये. तोंडाला चांगला मास्क असावा. रुमाल पुरत नाही. जेवण्याआधी हातपाय धुवावेत आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळून धुऊ नयेत. जुना रंग दिव्याने किंवा गॅसच्या बर्नरने जाळून काढण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती सोडून द्यावी. शिशाचा धूर धुळीपेक्षा वाईट, आणि जस्ताचा पत्रा तापवला तर त्याच्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. वेल्डिंगवाल्या मित्रांना हा ताप माहीत असेल.

जुना रंग घट्ट धरून असेल तर तो सगळा काढण्याची गरजच नसते. २२० ते ३२० नंबरच्या ओल्या पेपरने त्याची चमक मारावी आणि त्यावरच काम करावे. कारागिराला वाटते की सगळे खरवडले म्हणजे मेहनत दिसते. गिऱ्हाइकाला ती मेहनत दिसत नाही.

रंगाचा हात

याबद्दल फार लिहीत नाही. ज्याच्या हातात ब्रश आहे त्याला ते येते. तरी दोनतीन गोष्टी. जाड एक हात देण्यापेक्षा पातळ दोन किंवा तीन हात द्यावेत व मधे एक रात्र जाऊ द्यावी. ऑइलपेंटला टर्पेंटाइनच घालावे. मोटारीचे काम करणारे आपले भाई सवयीने ड्युको, म्हणजे एन.सी. रंग, वापरतात, तो ऑइलपेंटच्या थरावर मारला की त्याच्या थिनरने खालचा रंग सुरकुत्या पडून उचलून येतो. आधीचा रंग कोणता होता याची खात्री नसेल तर तळाला थिनरचे फडके घासून पाहावे. रंग लगेच विरघळून फडक्याला आला तर तो एन.सी., फुगून सुरकुतला तर ऑइलपेंट.

दुसरी गोष्ट झाकणाची. झाकणाची आतली कड आणि पेटीचा काठ दोन्ही नव्याने रंगवले आणि वरून कोरडे वाटले म्हणून झाकण लावून पेटी रवाना केली, तर आठ दिवसांनी गिऱ्हाईक झाकण उघडताना रंगाचे लचके तोडते. हाताला कोरडा लागणारा रंग आतून बरेच दिवस मऊ असतो. पेटी निदान आठवडाभर उघडी ठेवावी आणि काठाला मेण चोळावे. आम्ही काठाला रंगच देत नाही, प्रायमरवर थोडे मेण घासून सोडतो.

पेटीत कुबट वास असेल तर चार दिवसांचे कडक ऊन आणि एका परातीत लाकडी कोळसा, एवढ्याने पुष्कळ काम होते. डांबराच्या गोळ्या टाकून वास दाबू नये. गिऱ्हाइकाची नातवंडे त्यात खेळणी ठेवणार असतात. आतून कापड लावायचे तर खळीने लावू नये. खळीला कसर लागते, आणि बाइंडरलोक कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. पण मोरचूद हे विष आहे, ते कपड्यांच्या पेटीत नको. लाकडाला वापरतात तो पांढरा गोंद घ्यावा.

बाकडे करायचे तर

बहुतेक गिऱ्हाइकांना पेटीवर बसायचे असते. ट्रंकेचा पत्रा बहुधा २२ ते २६ गेजचा असतो आणि गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. २४ गेज म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या थोडे वर. त्याचे झाकण माणसाचे वजन घेत नाही. दोनदा बसले की मधे खड्डा पडतो आणि बिजागऱ्या वाकतात. म्हणून झाकणाच्या आतून १२ मिलिमीटरचा प्लाय बसवावा. पण तेवढ्याने भागत नाही, कारण प्लायचे वजन शेवटी पत्र्याच्या काठावरच येते. पेटीच्या आत चार कोपऱ्यांना तळापासून उभ्या लाकडी पट्ट्या लावाव्यात आणि त्यांच्या माथ्यावर पुढे-मागे लांब आडव्या पट्ट्या टाकाव्यात. झाकण लावले की प्लाय या चौकटीवर टेकला पाहिजे. मग वजन लाकडातून सरळ तळाला जाते आणि पत्र्याला ते कळतही नाही. वर दोन इंची फोम आणि रेक्झिन किंवा जाड कापड.

बसायची उंची साधारण १७ ते १८ इंच बरी. पेटी १२-१३ इंचांची असेल तर पाय किंवा चाके लावून उरलेली उंची भरून काढावी, फोमची जाडी हिशेबात धरून. पाय नुसत्या पत्र्याला स्क्रूने लावले तर पत्रा फाटून पाय निखळतो. आतून प्लायचा तुकडा ठेवून, वायसर घालून, आरपार बोल्ट मारावा.

आता एक गोष्ट जी धंद्याहून मोठी आहे. लपाछपी खेळताना पेटीत शिरलेले मूल झाकण अडकल्याने गुदमरल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. जुन्या ट्रंकेचा कोयंडा झाकण पडताच आपोआप कडीवर बसू शकतो, आणि मग ते आतून उघडत नाही. म्हणून घरसामानासाठी केलेल्या पेटीचा कोयंडा शोभेपुरता ठेवावा. खिळा मारून तो असा पक्का करावा की तो कडीवर बसूच शकणार नाही. मागच्या बाजूला, जिथे दिसत नाही, तिथे बोटभर व्यासाची चारपाच भोके पाडावीत व त्यांच्या कडा घासाव्यात. झाकणाला दोन्ही बाजूंनी साखळी किंवा झाकण अडवून धरणारा स्टे लावावा, म्हणजे ते मुलाच्या बोटांवर धाडकन पडत नाही. गिऱ्हाइकाने मागितले नाही तरी हे करावे. खर्च शेदोनशे रुपयांचा आहे, आणि आम्ही तो वेगळा लावत नाही.

लाकडी पेटारे

सागवानी किंवा शिसवी पेटारा हाती लागला तर रंगाचा डबा दूर ठेवावा. पितळी पट्ट्या आणि खिळ्यांनी मढवलेले पेटारे गुजरातेत, विशेषतः सौराष्ट्रात, मुलीला लग्नात देत. काहींना खाली चाकेही असतात. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर व आखातात ज्यांना अरबी पेट्या म्हणून ओळखतात, त्यांतल्या कितीतरी मुळात आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर, सुरत-मुंबईकडे बनून गलबतांतून गेलेल्या आहेत. अशा मालाची किंमत त्याच्या जुनेपणात असते. पितळ बफवर घासून आरशासारखे केले की जाणकार गिऱ्हाईक निघून जाते. मऊ फडक्याने धूळ काढावी, लाकूड कोरडे पडले असेल तर अळशीचे तेल अगदी थोडे चोळावे किंवा स्पिरिटात विरघळवलेल्या चपड्या लाखेचा पातळ हात द्यावा, एवढे पुरे.

अळशीच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापतात आणि पेट घेतात. काडी लावावी लागत नाही. रात्री दुकान बंद केल्यावर लागलेल्या किती आगींचे कारण हे असेल, देव जाणे. फडकी पाण्यात बुडवून ठेवावीत किंवा दोरीवर पसरून वाळवावीत.

पेटाऱ्याला बारीक भोके दिसली तर घाबरू नये, पण पेटारा पांढऱ्या कागदावर ठेवून दोनतीन दिवसांनी पाहावे. ताजी पिठासारखी भुकटी पडली असेल तर कीड जिवंत आहे. आधी कीडनाशक द्रव भोकांत सोडून तिचा बंदोबस्त, मगच तो घरातल्या इतर लाकडाजवळ न्यावा.

यात कायद्याचीही एक बाब आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षे वा त्याहून जुनी, ऐतिहासिक किंवा कलात्मक मोलाची वस्तू ही पुरावस्तू ठरू शकते आणि अशी वस्तू व्यापाऱ्याला परदेशी पाठवता येत नाही. परदेशी गिऱ्हाईक जास्त दाम देते म्हणून एखादा कोरीव पेटारा पार्सल करण्याआधी तो काय आहे याची पुरातत्त्व खात्याकडून खात्री करून घ्यावी. साध्या पत्र्याच्या ट्रंकेला ही अडचण सहसा येत नाही.

नाव

आमच्या दुसऱ्या चुकीबद्दल. रत्नागिरीकडच्या एका घरची पेटी रंगवायला आली. काळी पेटी, झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने हाताने काढलेली अक्षरे, अर्धी पुसट. आम्ही नेहमीप्रमाणे पेटी घासली, गुळगुळीत केली, सुंदर हिरवा रंग दिला. खाला घ्यायला आल्या. बराच वेळ झाकणावरून हात फिरवत राहिल्या, मग म्हणाल्या, "भाई, रंग चांगलाच झालाय. पण बाबांचं नाव कुठं गेलं?"

त्यांचे वडील बोटीवर होते. झाकणावर त्यांचे नाव आणि गाव होते. घरात त्यांचा फोटो नव्हता. खालांनी एक शब्द वावगा काढला नाही, ठरलेली मजुरी पुढे केली. आम्ही ती घेतली नाही, पण त्याने काय होणार होते?

तेव्हापासून पेटी ताब्यात घेताना आम्ही चारही बाजूंनी आणि झाकणाच्या आतून फोटो काढतो. नाव, तारीख, बोटीचा किंवा पलटणीचा नंबर, आत चिकटवलेला कागद, असे काही दिसले तर घरच्यांना आधी विचारतो. अक्षरे ठेवायची असतील तर त्यांवर थिनर लावू नये. साबणाच्या पाण्यात बुडवून पिळलेल्या कापसाने हलके पुसावे, वाळल्यावर त्यावर पारदर्शक वॉर्निशचा पातळ हात द्यावा आणि तेवढा चौकोन कागदी टेपने झाकून बाकीची पेटी रंगवावी. अक्षरे फारच पुसट असतील तर आधी त्यांवर ट्रेसिंग कागद ठेवून पेन्सिलीने उतरवून घ्यावीत. हल्ली शहरातली गिऱ्हाइके तर नावाची पेटी मुद्दाम मागतात, पण ती ज्यांची आहे त्यांना विचारूनच विकावी.

खरेदी आणि हिशेब

माल मिळण्याची ठिकाणे वाचकांना ठाऊक आहेत. मुंबईत मटण स्ट्रीटचा चोरबाजार, पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, आणि प्रत्येक तालुक्याच्या गावी भंगारवाले. भंगारवाल्याशी संबंध ठेवणे सर्वांत फायद्याचे. पेटी त्याने हातोड्याने चेपण्याआधी आपल्याला निरोप आला पाहिजे. त्याला किलोच्या भावावर थोडे जास्त द्यावे, तो पुढच्या वेळी आठवण ठेवतो. कोणाकडूनही जुना माल घेताना मात्र देणाऱ्याचे नाव, सही आणि तारीख वहीत घ्यावी. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून किंवा तसे मानायला कारण असूनही तो घेणे हा गुन्हा आहे. पूर्वी तो दंडविधानाच्या कलम ४११ खाली होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली येतो. चौकशी झालीच तर वहीतली एक ओळ आपली बाजू मांडते.

जीएसटीची नोंदणी असलेल्यांसाठी एक सवलत आहे, जी अनेकांना माहीत नसते. २०१७ च्या नियमावलीतील नियम ३२ च्या पोटनियम ५ प्रमाणे जुन्या वस्तूंचा व्यापारी, खरेदीवर कराची वजावट घेतली नसेल तर, पूर्ण विक्रीवर नव्हे तर खरेदी आणि विक्रीतल्या फरकावर कर भरू शकतो. अट अशी की वस्तू आहे तशी किंवा तिचे स्वरूप न बदलणारी किरकोळ दुरुस्ती करून विकलेली असावी. रंगवलेली ट्रंक ही ट्रंकच राहते, पण फोम आणि पाय लावून तिचे बाकडे केले तर प्रश्न उभा राहू शकतो. आपल्या कर सल्लागाराला हे आधीच विचारून ठेवावे.

आता किमतीचे पाहू. समजा पेटी ५०० रुपयांना मिळाली, आणायला १०० लागले, रंग-प्रायमर-पेपर ४५०, प्लाय, पाय, फोम, साखळी मिळून ९००. झाले १९५०. पुष्कळ जण इथेच थांबतात, २६०० ला पेटी विकतात आणि ६५० नफा झाला म्हणून खूश होतात. पण त्या पेटीवर दीड दिवस काम झाले. ६५० भागिले दीड म्हणजे दिवसाला सुमारे ४३३ रुपये. हा नफा नव्हे, ही मजुरी आहे आणि तीही कमी. रोज ८०० ने दीड दिवसाचे १२०० धरले की खर्च ३१५० होतो. दहात एखादी पेटी बिघडते किंवा पडून राहते, त्यासाठी दहा टक्के, म्हणजे ३१५. एकूण ३४६५. यावर जे मिळेल ते नफा. आकडे ज्याच्या त्याच्या गावाप्रमाणे बदलतील, ओळी मात्र सगळ्या लिहाव्यात. घरच्या बायकांनी झाकणावर वेलबुट्टी काढली असेल तर तिची मजुरीही वेगळ्या ओळीत लिहून त्यांच्याच हातात द्यावी.

विकताना पेटीचा ऐब सांगून विकावा. तळाला ठिगळ आहे, एक बिजागरी बदललेली आहे, पत्रा जस्ताचा आहे आणि प्रायमर अमुक लावला आहे, एवढे बिलाच्या मागे लिहून देतो. गिऱ्हाईक यावर घासाघीस करील अशी आम्हाला भीती होती. प्रत्यक्षात ते दुसरी पेटी मागायला येते.

हंगामाचे असे ठेवावे, की पावसाळ्यात खरेदी, झाळकाम आणि सुतारकाम. रंगाचा डबा उघडायचा तो हवा कोरडी झाल्यावर. पावसात मारलेला रंग वाळताना हवेतला ओलावा धरतो आणि त्याची चमक जाते. दिवाळीच्या सुमारास आणि लग्नसराईत मागणी असते, तेव्हा निदान पाचसहा पेट्या रंगाला तयार, म्हणजे चौकट बसलेल्या आणि गंज काढून प्रायमर दिलेल्या, हाताशी असाव्यात. प्रायमर दिलेली पेटीही उघड्या पडवीत ठेवू नये. एकटा प्रायमर पाणी फार दिवस अडवत नाही.